व्हॉल्व्ह अँप्लिफायर: प्लग लावण्याआधी

वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांचा) अँप्लिफायर हाती आला की ‘चालतोय का बघू’ म्हणून प्लग लावायचा मोह होतो. तो आवरा. बाकीचे भाग बाजारात मिळतात; व्हॉल्व्ह नि स्पीकरमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला तर तो नव्याने गुंडाळून घ्यावा लागतो.

त्याला जाळणारा बहुधा एक चिमुकला कपलिंग कपॅसिटर असतो. आधीच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडवरचे (धन प्लेटवरचे) सुमारे २०० व्होल्ट डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणं, एवढंच त्याचं काम. जुना मेणकागदी कपॅसिटर ओल धरतो नि गळू लागतो. पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला (प्रवाह आवरणाऱ्या जाळीला) ४७० किलोओहमचा रेझिस्टर असेल, तर अवघी १० मायक्रोअँपिअर गळती ग्रिडवर ४.७ व्होल्ट धन दाब चढवते. मग प्रवाह वाढतो, अ‍ॅनोड लालबुंद होतो. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर ही गळती अनेकदा दिसतच नाही. तेव्हा मोजत बसू नका. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, ६३० व्होल्टचे नवे फिल्म कपॅसिटर लावा.

प्लग काढलेला असला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट शिल्लक असू शकतात. ते स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. २.२ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर काही सेकंद धरा, मग मीटरने खात्री करा. दोन तारांची वायर काढून तीन तारांची घाला. अर्थ थेट चॅसीला (धातूच्या सांगाड्याला), फ्यूज फेजमध्ये. पण काही जुन्या यंत्रांत मेनची एक तार चॅसीलाच जोडलेली असते. मेनपासून वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

सगळे व्हॉल्व्ह काढून, मेनच्या वाटेत सिरीजमध्ये जोडलेल्या ६० वॉटच्या बल्बमधून वीज द्या. (एलईडी चालत नाही, फिलामेंटचाच हवा.) बल्ब जवळजवळ विझलेला राहिला तर मेन ट्रान्सफॉर्मर ठीक. उजळच राहिला तर शॉर्ट आहे.

व्हॉल्व्ह बसवण्याआधी आउटपुटला स्पीकरऐवजी ८ ओहम, २० वॉटचा रेझिस्टर जोडा. लोडविना सिग्नल दिला तर प्रायमरीवर प्रचंड दाब उसळून इन्सुलेशन फुटतं. बल्ब काढल्यावर हीटरवर (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेवर) ६.३ व्होल्ट एसी मिळायला हवेत, ६.९ च्या वर गेले तर मेन ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज निवडायची जोडणी) २५० व्होल्टवर न्या.

शेवटी कॅथोडचा (व्हॉल्व्हमधल्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाचा) दाब. ईएल ८४ या आउटपुट व्हॉल्व्हला २७० ओहमचा कॅथोड रेझिस्टर असेल आणि त्यावर १०.८ व्होल्ट दिसले, तर प्रवाह ४० मिलिअँपिअर. ३०० व्होल्टवर ही जवळपास १२ वॉटची कमाल मर्यादाच. असे दोन व्हॉल्व्ह असतील आणि एका बाजूला १३ दिसले तर बंद करा नि दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल करा: जादा आकडा व्हॉल्व्हसोबत सरकला तर दोष व्हॉल्व्हचा, जागच्या जागी राहिला तर त्या सॉकेटचा कपॅसिटर किंवा रेझिस्टर पुन्हा तपासा.