सीमाभागातले समलिंगी, पारलिंगी विद्यार्थी आणि पालकांची सही

सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगप्पा, म्हणजे देवीला वाहिलेले, बाईच्या वेशात वावरणारे भक्त, सीमाभागातल्या घरांना नवे नाहीत. पौर्णिमेच्या यात्रेत लोक त्यांच्या पाया पडतात. त्याच घरांतला मुलगा वर्गात बायकी वागला तर मात्र त्याला 'बायल्या' ऐकावं लागतं, आणि शाळा याला खोडी समजून सोडून देते.

लिखित नियमांची सुरुवात फार अलीकडची. एप्रिल २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आपलं लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, मग विद्यापीठांच्या अर्जांत तिसरा रकाना आला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांतली २०१६ ची दुरुस्ती कमी चर्चेत राहिली, पण माझ्या मते ती मोठी. रॅगिंगच्या व्याख्येत पारलिंगी (ट्रान्सजेंडर) असण्याबरोबर लैंगिक कलही घातला गेला. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ शाबूत होतं, ते २०१८ मध्ये सैल झालं. म्हणजे कायद्याच्या लेखी गुन्हेगार ठरू शकणाऱ्या मुलाला हॉस्टेलमध्ये त्रास देणं आधीच नियमबाह्य झालं होतं! हे कॉलेजांपुरतं, शाळांना तो नियम लागू नव्हता.

खरा गुंता पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्यातला. अनुदानित आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी भेदभाव करू नये, हे त्यात स्पष्ट होतं. पण पारलिंगी असल्याचं ओळखपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यायचं, आणि अर्जदार अठराच्या आतला असेल तर अर्ज पालकांनी करायचा. वैद्यकीय तपासणी नको, प्रतिज्ञापत्र पुरे, ही २०२० च्या नियमांतली सवलत चांगलीच होती. पण ज्या पोराचं घरात जमत नाही, त्याने सही मागायची ती त्याच घरच्या माणसांकडे. मुलांच्या भल्यासाठी पालक हवेतच, हा युक्तिवाद मला समजतो. तरी सर्वाधिक अडचण ज्याची, तोच यातून वगळला जातो.

सीमेवर आणखी एक अट नडते. अर्ज करायचा तो सलग बारा महिने जिथे राहिलात त्या जिल्ह्यात. निपाणी-खानापूरची मुलं शिकायला कोल्हापूरला जातात. पहिल्या वर्षी त्यांचा अर्ज बेळगावच्याच जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, जिथून बातमी घरी पोचायला वेळ लागत नाही. दहावीची गुणपत्रिका कर्नाटक बोर्डाची, पदवी महाराष्ट्राची. नाव बदललं की दोन्हीकडे खेटे.

२०२१ मध्ये कर्नाटकाने पारलिंगींना सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं, आणि पुढल्याच वर्षी शिक्षक भरतीत तीन पारलिंगी उमेदवार निवडले गेले. त्याच २०२१ च्या नोव्हेंबरात पारलिंगी मुलांबाबत शाळांसाठी एनसीईआरटीने (शालेय अभ्यासक्रम ठरवणाऱ्या केंद्रीय संस्थेने) काढलेली मार्गदर्शिका आक्षेपानंतर संकेतस्थळावरून काढली गेली. त्यात स्वच्छतागृहं आणि गणवेशाबद्दल सूचना होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने बेंगळुरूच्या एका विधी विद्यापीठात पारलिंगींना अर्धा टक्का अंतरिम आरक्षण द्यायला सांगितलं, तेही शुल्कमाफीसह.