आमदाराची खुर्ची आणि आयुक्ताची खुर्ची

अमेरिकेच्या मेन राज्यातले चँडलर वुडकॉक आधी सेनेटर होते, नंतर राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याचे आयुक्त झाले. इथे दोन्ही शब्द आपल्याला चकवतात. हे सेनेटर वॉशिंग्टनमधले नव्हेत. ते मेनच्या राजधानीतल्या, ऑगस्टा शहरातल्या राज्य विधिमंडळाच्या वरच्या सभागृहातले, म्हणजे आपल्या हिशेबाने आमदार. आणि आयुक्त म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सनदी अधिकारी येतो. तिथे मात्र तो गव्हर्नरच्या मंत्रिमंडळातला माणूस असतो. पण आपला वनमंत्री जसा आमदारही असतो, तसं तिथे चालत नाही. एकाच वेळी दोन्ही खुर्च्यांवर बसायला राज्यघटनेचीच मनाई आहे.

वुडकॉक मूळचे शिक्षक. 2006 मध्ये रिपब्लिकन पक्षातर्फे गव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि जॉन बाल्डाचींकडून हरले. 2011 मध्ये पॉल लपेज गव्हर्नर झाले, त्यांनी वुडकॉकना आयुक्त नेमलं. या नेमणुकीला मंजुरी कोणाची लागते? सेनेटची. जिथे काल बसत होते, तिथूनच होकार आणायचा!

कामातला फरक एखाद्या तळ्याकाठी चटकन कळतो. मासेमारीच्या परवान्याची फी किती, हे विधिमंडळ कायद्यात लिहितं. त्यासाठी विधेयक येतं, समितीपुढे जाहीर सुनावणी होते आणि कोणीही गावकरी तिथे उठून बोलू शकतो. पण गळाला लागलेला ट्राउट किती इंचांचा असला तर घरी न्यायचा आणि किती इंचांचा परत पाण्यात सोडायचा, हे खात्याच्या नियमात असतं. पट्टी लावून मासा मोजणारा वॉर्डन आयुक्ताच्या हाताखालचा. दरवर्षी मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीचे परवाने किती काढायचे हेही खातंच ठरवतं, मग त्यांची सोडत निघते. आयुक्ताचा शब्द तिथेही अखेरचा नसतो. नियमाला दहाजणांच्या सल्लागार मंडळाची संमती लागते.

अस्वलांचा प्रश्न मला सगळ्यांत बोलका वाटतो. आमिष ठेवून, कुत्री सोडून किंवा सापळा लावून अस्वल मारायला बंदी घालावी का, यावर मेनमध्ये दोनदा मतदान झालं, 2004 आणि 2014 मध्ये. पहिल्या वेळी वुडकॉक सेनेटर होते. लोकांनी सह्या करून आणलेला असा प्रस्ताव आधी विधिमंडळापुढे जातो. ते मंजूर करत नसेल तर तो मतपेटीकडे जातो. दुसऱ्या वेळी ते आयुक्त होते आणि त्यांचं खातं बंदीच्या विरोधात उघडपणे प्रचारात उतरलं. सरकारी खात्याने निवडणुकीत बाजू घ्यावी का, यावरून प्रकरण कोर्टातही गेलं. बंदी दोन्ही वेळा फेटाळली गेली. खात्याने प्रचार करणं मला खटकतंच, पण जीवशास्त्रज्ञ पदरी असलेल्या खात्याने गप्प बसावं, हेही पटत नाही.

गंमत म्हणजे वुडकॉक हे मेनमध्ये शिकार होणाऱ्या एका पक्ष्याचंही नाव. तो स्थलांतर करतो, त्यामुळे त्याच्या हंगामाची चौकट केंद्र सरकार आखून देतं. वुडकॉकसाहेबांना फक्त त्या चौकटीतल्या तारखा निवडता यायच्या.