शिखरेश्वराचं पाणी कुणाच्या शिवारात?

माण तालुक्यातल्या आमच्या गावी चुलत्यांचा शेजाऱ्याशी बांधावरून वाद होता. बांध कुणी किती कोरला, हाच नेहमीचा. मोजणीचे पैसे भरायच्या आधी एका म्हाताऱ्यानं तोडगा काढला: "पावसाचं पाणी कुणीकडं पळतंय त्ये बघा. जिकडं पळंल, तिकडची जमीन त्याची." दोघांनाही पटलं. अडचण एकच, माणात पाऊस कुठला?

फ्रान्स आणि सयाम यांनीही 1904 साली नेमकं हेच ठरवलं होतं. सयाम म्हणजे आजचं थायलंड. कंबोडिया तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. दांग्रेक डोंगररांगेत जलविभाजक हीच सीमा, असं करारात लिहिलं गेलं. ज्या रेषेच्या अलीकडचं पाणी एका खोऱ्यात आणि पलीकडचं दुसऱ्या खोऱ्यात जातं, ती जलविभाजक रेषा. आपल्याकडे शंभू महादेवाची रांग भीमा आणि कृष्णेच्या बाबतीत हेच काम करते.

दांग्रेकच्या एका सुळक्यावर ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या जुन्या राजांनी बांधलेलं प्रेह विहेअरचं देऊळ आहे. बरंचसं बांधकाम अकराव्या शतकातलं. देव शंकर, आणि शिलालेखांतलं त्याचं नाव शिखरेश्वर! शिखर शिंगणापूरच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला हे नाव वाचून गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

या डोंगराची ठेवण आपल्या सह्याद्रीसारखी आहे, फक्त दिशा वेगळ्या. सह्याद्री कोकणाकडे तुटतो आणि देशाकडे हळूहळू उतरतो. दांग्रेक दक्षिणेला, कंबोडियाकडे, सरळ तुटतो आणि उत्तरेला थायलंडकडे सावकाश उतरतो. देवळाची सुमारे 800 मीटर लांबीची वाट उत्तरेकडून चढत येते आणि कड्याच्या टोकाशी संपते. मग पाणी वळतं कुठं? अगदी कड्याच्या काठावर, असं म्हटलं तर देऊळ थायलंडचं.

पण नकाशा वेगळंच सांगत होता. फ्रेंच अधिकाऱ्यांनी तयार केलेला हा नकाशा 1908 च्या सुमारास पॅरिसमध्ये छापला गेला आणि त्यात देऊळ कंबोडियाच्या बाजूला पडलं. प्रमाण होतं एकास दोन लाख. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर 200 मीटर. पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे 100 मीटरचा पट्टा, आणि अख्खं देऊळ कागदावर जेमतेम चार मिलिमीटर! एवढ्या जागेवरून पुढं तोफा डागल्या गेल्या.

आज उपग्रहानं मोजलेल्या उंचीचे आकडे आहेत ना, असं कुणी म्हणेल. आहेत. संगणक जमिनीचे चौकोन पाडतो, प्रत्येक चौकोनाची उंची आजूबाजूच्या आठ चौकोनांशी ताडून बघतो आणि सगळ्यात जास्त उताराच्या चौकोनाकडे पाणी सोडतो. तीव्र उतारावर हे झकास चालतं. सपाट माथ्यावर मात्र मीटर-दोन मीटरच्या फरकानं दिशा फिरते, आणि उंची मोजणारं रडार कधी कधी झाडाच्या शेंड्यालाच जमीन समजतं. पाणलोटाच्या श्रमदानात आम्ही दोन काठ्यांना पारदर्शक नळी बांधून, तिच्यात पाणी भरून समपातळी काढायचो. अशा माथ्यावर मला तरी तीच नळी जास्त भरवशाची वाटते.

त्यात जलविभाजक जागेवर बसूनही राहत नाही. कड्याच्या बाजूचे ओढे डोंगर मागं मागं खात जातात आणि रेषा त्यांच्याबरोबर सरकते. सावकाश का होईना, पण सरकते.

1959 मध्ये कंबोडिया हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. थायलंडनं नेदरलँड्समधल्या डेल्फ्टहून हवाई सर्वेक्षणाचे तज्ज्ञ आणले. 15 जून 1962 ला 9 विरुद्ध 3 मतांनी निकाल लागला: देऊळ कंबोडियाचं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते कारण. पाणी खरोखर कुठं वळतं हे ठरवायची गरजच नाही, असं न्यायालय म्हणालं. सयामनं नकाशा स्वीकारला, वापरला, 1934-35 च्या स्वतःच्या पाहणीत फरक दिसूनही हरकत घेतली नाही. आमच्याकडच्या भाषेत, बांध कोरताना बघत बसलात.

देऊळ सोडताना थाई सैनिकांनी आपला झेंडा उतरवला नाही. फडकत्या झेंड्यासकट खांबच उपटून पलीकडच्या कड्यावर नेला. अब्रू राखायची ही रीत मला मोठी शहाणपणाची वाटते. जानेवारी 1963 मध्ये कंबोडियाचे राज्यप्रमुख सिहानुक देवळात आले आणि थाई लोकांना व्हिसाशिवाय दर्शनाला येता येईल, असं जाहीर केलं. पण देवळाभोवतीच्या जमिनीची हद्द मोकळीच राहिली. 2008 मध्ये युनेस्कोनं देऊळ जागतिक वारशात घेतलं आणि चकमकी सुरू झाल्या. 2011 मध्ये न्यायालयानं अक्षांश-रेखांशांचे चार बिंदू देऊन, त्यांच्या आतलं सैन्य दोघांनीही मागं घ्यावं असा आदेश दिला. 2013 मध्ये अख्खा सुळका कंबोडियाचा ठरवला. तरीही 2025 मध्ये सीमेवर पुन्हा रक्त सांडलं.

आमच्याकडे शेवटी मोजणीदार रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून नेमकी जागा सांगणारं काठीवरचं यंत्र, घेऊन आला. काठी रोवली, यंत्रावर आकडे पाहिले, चुन्याची खूण केली. निघालं असं की दोघांचंही थोडं थोडं चुकलं होतं. दगड पुरताना चुलते आणि शेजारी, दोघांनीही पहारीला हात लावला. आषाढात पाऊस झाला तेव्हा सगळे बघायला गेलो. पाणी ना इकडं थांबलं ना तिकडं, दोन्ही रानांतून निघून खालच्या एकाच ओढ्याला मिळालं. दांग्रेकच्या दोन्ही उतारांवरचं पाणीही शेवटी मेकाँगलाच जातं.