१३,७०५ किलोसायकलवर टोकियो

१५ ऑगस्ट १९४५. जपानच्या सम्राटाचं ध्वनिमुद्रित भाषण नुकतंच रेडिओवरून वाजलं होतं. युद्ध संपलं हे कळलं, पण जिंकणारे मनिलात आणि हरणारे टोकियोत. मध्ये साधारण तीन हजार किलोमीटर समुद्र. बोलायचं कसं? दोस्त राष्ट्रांचे सेनापती जनरल मॅकआर्थर यांच्या मुख्यालयाने जपानी सरकारला पाठवलेल्या अगदी सुरुवातीच्या संदेशात याचीच व्यवस्था लावलेली आहे. आमच्याशी बोलण्यासाठी टोकियोतलं एक रेडिओ स्टेशन नेमून द्या. ते ठरेपर्यंत जेयूएम या स्टेशनने १३,७०५ किलोसायकलवर बोलावं, मनिलाचं डब्ल्यूटीए १५,९६५ किलोसायकलवर उत्तर देईल. मजकूर इंग्रजीत हवा. संदेश मिळाल्याची पोच द्या.

शत्रूच्या स्टेशनचं नाव आणि त्याची वारंवारता तोंडपाठ असावी, याचं मला फार कौतुक वाटतं. अर्थात चार वर्षं कान लावून ऐकत बसल्यावर ती पाठ होणारच. १० ऑगस्टला जपानने शरणागतीची तयारी दाखवली, तीसुद्धा दोमेई वृत्तसंस्थेने आपल्याच लष्कराच्या सेन्सॉरला चुकवण्यासाठी मोर्समध्ये हवेवर सोडली होती आणि अमेरिकी श्रवणकेंद्रांनी ती टिपली होती. अधिकृत कागद नंतर स्वित्झर्लंड आणि स्वीडनमार्गे फिरत गेले.

आता हे आकडे जरा जवळून बघू. १३,७०५ किलोसायकल म्हणजे आजच्या भाषेत १३.७ मेगाहर्ट्झ, लहरीची लांबी जेमतेम २२ मीटर. अशा लघुलहरी वर जातात, जमिनीपासून अडीचशे-तीनशे किलोमीटरवर आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात) वळतात आणि खाली येतात. चपटा दगड तळ्यावर टप्पे घेत जातो तसं हे चालतं, फक्त इथे एक टप्पा चार हजार किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. टोकियो ते मनिला हे अंतर एका टप्प्यात बसतं. वारंवारता फार वाढवली तर लहर आयनांबर भेदून अवकाशात निघून जाते; फार कमी केली तर दिवसा आयनांबराचा खालचा थर तिला शोषून घेतो. या दोन्हींच्या मधली जी खिडकी उरते ती दिवसा वर सरकते आणि रात्री खाली येते. १३ आणि १६ मेगाहर्ट्झच्या आसपासचे आकडे दिवसाउजेडी त्या खिडकीत बसणारे होते.

पुढे जपानचा ताबा घेतल्यावर आंतरराष्ट्रीय तारसेवा पुन्हा उभी करायची वेळ आली. हिला आपण मराठीत ‘बिनतारी तार’ म्हणतो. शब्द स्वतःशीच भांडतो, पण चालतो. बॉम्बहल्ल्यांनी टोकियोची राख झाली होती. एकट्या १० मार्च १९४५ च्या रात्रीने शहराचा पूर्वेकडचा भाग जाळून टाकला होता. तरी मोठ्या प्रक्षेपकांपैकी बरेच शाबूत होते, कारण ते शहरात नव्हतेच. परदेशी सेवेचे काही प्रक्षेपक टोकियोपासून साठेक किलोमीटरवर इबाराकी प्रांतातल्या यामाता गावात होते. ग्रहणकेंद्र वेगळं, सैतामा प्रांतातल्या कोमुरोला. दोघांच्या आजूबाजूला शेती.

ही फारकत का? शेकडो मैलांवरून आलेला संकेत इतका क्षीण असतो की शेजारी किलोवॉटमध्ये ओरडणारा प्रक्षेपक असेल तर काहीच ऐकू यायचं नाही. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून कुणाची कुजबुज ऐकण्यासारखं ते आहे. पुणेकरांनी हे घरच्या अंगणात पाहिलंय. १९२७ मध्ये भारत-ब्रिटन बिनतारी सेवा सुरू झाली तेव्हा प्रक्षेपण खडकीहून होत असे आणि ग्रहण पाऊणशे किलोमीटरवरच्या दौंडला. मुंबईच्या तारघरात बसलेला माणूस कळ दाबायचा, खडकीचा प्रक्षेपक बोलायचा.

म्हणजे शहरातलं तारघर आणि खेड्यातला प्रक्षेपक यांच्यामध्ये साध्या तारांची जोडणी लागते. टोकियोत नेमकी तीच मेली होती. देशातले जवळजवळ निम्मे टेलिफोन बंद पडले होते, केबल जळल्या होत्या, एक्स्चेंज उद्ध्वस्त होते. सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचा आठ हजार तीनशे किलोमीटरचा हवेतला रस्ता मोकळा, आणि अडचण शेवटच्या साठ किलोमीटरच्या तांब्याच्या तारेत!

तरीही माझं मत असं की तांबं ही दुय्यम अडचण होती. खरी अडचण परवानगीची. मॅकआर्थर यांच्या मुख्यालयात नागरी दळणवळण विभाग स्थापन झाला आणि जपानमधली तार, टेलिफोन, रेडिओ सगळं त्याच्या देखरेखीखाली आलं. कुठल्या देशाशी सर्किट (म्हणजे थेट रेडिओ-मार्ग) उघडायचं, कुठली वारंवारता वापरायची, काय पाठवायचं, सगळ्याला होकार तिथून. सप्टेंबर १९४५ च्या पहिल्याच आठवड्यात परदेशी भाषांतलं लघुलहरी प्रसारण बंद करायला लावलं. ऑक्टोबरच्या अखेरीस जपानच्या परदेशांतल्या वकिलाती आणि त्यांची दप्तरं दोस्त राष्ट्रांच्या हवाली करण्याचा हुकूम निघाला. ज्या सरकारला परराष्ट्र व्यवहारच उरला नाही त्याने परदेशी तार करायची कुणाला?

तारांना गर्दी होती ती ताबा घेणाऱ्यांचीच: लष्कर, वार्ताहर, आणि घरची आठवण काढणारे शिपाई. या शिपायांत आपलेही होते. ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या फौजेबरोबर के. एस. थिमय्या यांची २६८ वी भारतीय ब्रिगेड पश्चिम होन्शूत आली, आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. कोकण-देशावरचे जवान १९४६-४७ मध्ये जपानात पहारा देत होते, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

दोस्त राष्ट्रांच्या शिपायांच्या तारांसाठी युद्धकाळात एक नामी युक्ती निघाली होती. ठरावीक वाक्यांची क्रमांक दिलेली यादी, तिच्यातली तीनपर्यंत वाक्यं निवडायची. हवेवरून वाक्यं जायचीच नाहीत, नुसते आकडे. पलीकडचं तारघर आकड्याचं वाक्य करून घरी पोचवायचं. आपल्याकडच्या शुभेच्छा-तारा याच पद्धतीच्या होत्या. फॉर्ममागची यादी बघून नवरा-नवरीसाठी क्रमांक निवडणारे काका ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको.

व्यापाऱ्यांचं गणित मात्र अडलं. युद्धापूर्वी तोयो मेन्का, गोशो, निहोन मेन्का अशा जपानी कंपन्यांच्या कचेऱ्या मुंबईत होत्या. वऱ्हाड-खानदेशातला ‘ऊमरा’ कापूस (अमरावतीचं नाव बाजारात असं झिजून गेलेलं) त्या जपानी गिरण्यांसाठी उचलत. भाव आणि गाठी ठरवणाऱ्या तारा सांकेतिक कोशांतल्या असत: पाच अक्षरांचा एक निरर्थक शब्द म्हणजे एक अख्खं वाक्य. दर शब्दाला पैसे पडत असल्याने यात मोठी बचत होई. सेन्सॉरला मात्र निरर्थक शब्द म्हणजे संशय. आणि तार स्वीकारली तरी पैसे कशात घ्यायचे? आंतरराष्ट्रीय तारांचा हिशेब सोन्याच्या फ्रँकमध्ये (फक्त हिशेबापुरत्या चलनात) व्हायचा, तर येनला सगळीकडे चालेल असा एक विनिमय दरच नव्हता. डॉलरला ३६० येन हा दर ठरला एप्रिल १९४९ मध्ये. परदेशी व्यापाऱ्यांना जपानात मर्यादित प्रवेश मिळाला तोसुद्धा १५ ऑगस्ट १९४७ ला. आपल्याला त्या दिवशी दुसरंच काही मिळत होतं.

फौजेचा हुकूम आयनांबरावर चालत नव्हता. टोकियोत दुपारचे बारा वाजतात तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात. म्हणजे एकाच लहरीचा अर्धा प्रवास उन्हात आणि अर्धा अंधारात. टप्पे किमान तीन. टोकियोच्या खिडकीत बसणारी वारंवारता कॅलिफोर्नियाच्या बाजूला बसेलच असं नाही. म्हणून एकाच सर्किटला दिवसाची, रात्रीची आणि सांजवेळेची अशा वेगवेगळ्या वारंवारता लागत, आणि ठरल्या वेळी दोन्ही टोकांनी एकदम बदल करावा लागे.

शिवाय पृथ्वीगोलावरचा जवळचा रस्ता नकाशावरच्या सरळ रेषेने जात नाही. टोकियोहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी लहर ईशान्येला निघते आणि अल्युशियन बेटांच्या बाजूने जाते, ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याला जवळजवळ खेटून. सूर्यावर खळबळ झाली की त्या पट्ट्यातलं आयनांबर बिघडतं आणि सर्किट तासन्‌तास मुकं होतं. अशा वेळी दक्षिणेकडून, होनोलुलूत थांबा घेऊन जाणारा लांबचा रस्ता बरा. त्यात १९४७ हे सौरचक्राच्या, म्हणजे सूर्यावरचे डाग वाढण्या-घटण्याच्या चक्राच्या, शिखराचं वर्ष. त्या एप्रिलमध्ये दिसलेला डागांचा समूह आजवर मोजलेल्यांत सगळ्यात मोठा आहे. शिखराच्या काळात आयनांबर अधिक दाट होतं, खिडकी वर सरकते आणि एरवी निरुपयोगी वाटणाऱ्या उंच वारंवारता दूरवर पोचू लागतात. फायदा आणि त्रास दोन्ही एकाच सूर्याकडून.

आता तारघरातल्या टेबलापाशी येऊ. कट्ट-कडकट्ट करत हाताने पाठवलेला मोर्स मिनिटाला वीस-पंचवीस शब्द देतो. मोठ्या सर्किटवर हे परवडत नाही, म्हणून मजकूर आधी कागदी फितीवर भोकं पाडून घेत आणि ती फीत यंत्रातून मिनिटाला शंभर-शंभर शब्दांच्या वेगाने पळवत. पलीकडे दुसऱ्या फितीवर शाईची नागमोडी रेघ उमटायची. ऑपरेटर सरकत जाणाऱ्या फितीवरची ती रेघ डोळ्यांनी वाचत टाइप करायचा. कानाचं काम संपलेलं. शंभर शब्दांच्या वेगाला मोर्सचं एक टिंब १२ मिलिसेकंदांचं असतं. आणि लहर एकाच रस्त्याने येत नाही: एक तीन टप्प्यांत, दुसरी चार टप्प्यांत, दोन-तीन मिलिसेकंद मागेपुढे. टिंबाचा पाव हिस्सा दुसऱ्याच्या अंगावर सांडतो, रेघेची कडा पुसट होते आणि दोन टिंबांची एक डॅश वाचली जाते. उपाय म्हणून ग्रहणकेंद्रात दूरदूर उभ्या केलेल्या दोन-तीन अँटेना वापरायच्या. संकेत सगळीकडे एकाच क्षणी विझत नाही. ज्या अँटेनावर त्या क्षणी जोर असेल तिचं ऐकायचं.

टेलिप्रिंटर आल्यावर चूक आणखी धोकादायक झाली. त्याच्या पाच घटकांच्या संकेतात ३२ जुळण्या असतात आणि सगळ्याच्या सगळ्या वापरात असल्यामुळे एक घटक बिघडला की चुकीचं पण अस्सल दिसणारं अक्षर छापलं जातं. शंभर गाठींच्या जागी भलताच आकडा! यावर डच अभियंता व्हान ड्यूरेन यांच्या पद्धतीत सात घटक घेतले आणि अट घातली: प्रत्येक अक्षरात ‘चालू’ घटक नेमके तीनच. अशा जुळण्या होतात ३५, वर्णमालेला पुरेशा. तीनऐवजी दोन किंवा चार आले की यंत्राला चूक कळते, आणि ते आपणहून पलीकडच्या यंत्राला सांगतं, पुन्हा पाठव. बँकेच्या कार्डाचा किंवा आधारचा क्रमांक टाइप करताना एक आकडा चुकला की संगणक लगेच नाकारतो, ते याच कुळातलं. युद्धोत्तर रेडिओ सर्किटांवर ही पद्धत रुळली आणि अक्षर गुपचूप बदलण्याचा धोका तरी कमी झाला.

यंत्रं मात्र दगा देत होती, ती व्हॉल्व्हमुळे, म्हणजे त्या काळच्या रेडिओयंत्रांतल्या काचेच्या नळ्यांमुळे. युद्धकाळात कच्चा माल संपलेला, कारखाने घाईत चाललेले. व्हॉल्व्ह लवकर जळत. नागरी दळणवळण विभागातल्या अभियंत्यांनी तयार झालेले तपासून टाकून देण्यापेक्षा बनतानाच संख्याशास्त्राने लक्ष ठेवायचं ठरवलं. १९४६ मध्ये डब्ल्यू. एस. मॅगिल यांनी एनईसी कंपनीत व्हॉल्व्हच्या उत्पादनावर हा प्रयोग सुरू करून दिला. पुढे याच विभागातल्या होमर सारासोन आणि चार्ल्स प्रोट्झमन यांनी १९४९-५० मध्ये जपानी दळणवळण उद्योगाच्या व्यवस्थापकांसाठी टोकियो आणि ओसाकात वर्ग घेतले. जपानी मालाच्या गुणवत्तेची गोष्ट सांगताना सगळे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांच्या १९५० च्या व्याख्यानांपासून सुरुवात करतात. मला ती सुरुवात थोडी उशिराची वाटते. जळक्या व्हॉल्व्हपासून केली तर जास्त खरी.

जर्मनीत गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. एल्ब नदीच्या पश्चिमेला, काल्बे गावाजवळ जर्मन नौदलाचा ‘गोलियाथ’ प्रक्षेपक होता: १,००० किलोवॉट, पाण्यात बुडालेल्या पाणबुड्यांना ऐकू जाईल इतक्या लांब लहरींचा. एप्रिल १९४५ मध्ये तो अमेरिकनांच्या हाती पडला, पण तो प्रदेश वाटणीत सोव्हिएतांकडे गेला. त्यांनी तिथून तार पाठवायचा विचारच केला नाही. सुटा केला, गाड्यांत भरला आणि नेला. निझनी नोव्हगोरोदजवळ तो १९५२ मध्ये पुन्हा उभा राहिला. बर्लिनजवळच्या नाउएन केंद्राची यंत्रंही अशीच उचलली गेली.

जपानात काहीच उचललं नाही, पण मालकी बदलली. परदेशी तारांची कंपनी असलेली कोकुसाइ देन्की त्सूशिन १९४७ मध्ये विसर्जित झाली आणि तिचं काम सरकारी दळणवळण मंत्रालयाकडे आलं. १९४९ मध्ये जपान आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात परतला, एप्रिल १९५२ मध्ये ताबा संपला, आणि पुढच्याच वर्षी केडीडी ही नवी कंपनी परदेशी तारा पाहू लागली. यामाता अजून चालू आहे; रेडिओ जपानचं लघुलहरी प्रसारण आजही तिथून होतं.

१९२९ पासून युरोपला तारा पाठवणारं, कारियाजवळचं योसामी केंद्र मात्र जपानी तारांकडे कधीच परतलं नाही. २५० मीटर उंचीचे आठ मनोरे, १७.४ किलोहर्ट्झ, लहरीची लांबी तब्बल १७ किलोमीटर. १९५० पासून अमेरिकी नौदलाने ते आपल्या पाणबुड्यांशी बोलायला घेतलं आणि १९९३ पर्यंत वापरलं. मनोरे १९९७ पर्यंत पाडून झाले. तिथे आता एक छोटं संग्रहालय आहे. आत जर्मन बनावटीचा भलाथोरला जनित्रसंच ठेवलाय, आणि बाहेर एक मनोरा, कापून २५ मीटरचा केलेला.