‘मसीहा’ व्हायोलिनचे नवेपण

ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातील ‘मसीहा’ हे व्हायोलिन अंतोनिओ स्त्रादिवारी यांनी १७१६ साली इटलीतील क्रेमोना येथे घडवले, असे त्याच्या आतील चिठ्ठीवर नोंदलेले आहे. त्या काळातील बहुतेक व्हायोलिनांवर हनुवटीच्या आणि तळहाताच्या झिजेच्या खुणा दिसतात. या वाद्याचे तांबूस रोगण मात्र जवळजवळ अखंड आहे, कडा तीक्ष्ण आहेत आणि एरवी हाताळणीत पुसून जाणारी, माथ्याच्या वेटोळ्याच्या कडेची काळी रेघही शाबूत आहे.

याचे कारण वाद्याच्या प्रवासात आहे. स्त्रादिवारींनी ते १७३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत स्वतःजवळच ठेवले. मुलगा पाओलो याने १७७५ साली ते संग्राहक काउंट कोझिओ यांना विकले आणि १८२७ मध्ये ते लुईजी तारिझिओ या व्यापाऱ्याकडे गेले. तारिझिओ पॅरिसमध्ये त्याची वर्णने करी, पण वाद्य कधी दाखवीत नसे. तेव्हा वादक आलार यांनी, हे व्हायोलिन मसीहासारखे आहे, सगळे वाट पाहतात आणि ते येतच नाही, असा टोमणा मारला आणि तेच नाव रूढ झाले.

तारिझिओच्या मृत्यूनंतर १८५५ मध्ये आलार यांचे सासरे, व्हायोलिनकार व्हियोम यांनी ते मिळवले. एकोणिसाव्या शतकात तारांचा ताण वाढला होता, म्हणून त्यांनी मूळ मान कायम ठेवून ती लांबवली, आतली आधारपट्टी बदलली आणि नव्या खुंट्या व कोरीव टेलपीस (तारांचे खालचे टोक अडकवण्याची पट्टी) बसवले. म्हणजे ‘अस्पर्श’ हे विशेषण पोट (पुढची फळी), पाठ, रोगण आणि माथा यांपुरतेच खरे.

व्हियोम हे जुन्या व्हायोलिनांच्या हुबेहूब प्रती करण्यात निष्णात असल्यामुळे, इतके नवे दिसणारे वाद्य त्यांनीच केले नसेल ना, ही शंका विसाव्या शतकाच्या अखेरीस जाहीरपणे मांडली गेली. पोटाच्या स्प्रूस लाकडातील वर्षवलये मोजल्यावर शेवटचे वलय १६८० च्या दशकातले ठरले आणि तारीख १७१६ शी जुळली. अर्थात वलये लाकडाचे वय सांगतात, घडवणाऱ्याचे नाव नव्हे, आणि जुने लाकूड व्हियोमनाही मिळू शकत होते. त्यामुळे खुंट्यांच्या खोबणीतील ‘जी’ या अक्षरासारख्या बारीक खुणांना अधिक महत्त्व येते. कोझिओ यांनी पाओलोकडूनच घेतलेले आणि आज क्रेमोनात जपलेले स्त्रादिवारींचे लाकडी साचेही अशाच अक्षरांनी ओळखले जातात.