जुन्या पिकअपचं कूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. जुनी महिंद्रा पिकअप घरात आणलेल्या माणसाला हे परवडत नाही. कूळ सापडल्याशिवाय त्याला मागचं चाक फिरवणारा साधा ॲक्सल शाफ्टसुद्धा मिळत नाही.

मी पहिल्यांदा शाफ्ट घ्यायला गेलो तेव्हा आरसी बुक खिशात घालून गेलो होतो. दुकानदाराने साल विचारलं, मी सांगितलं, त्याने माळ्यावरून शाफ्ट काढून दिला. घरी आल्यावर लांबी जुळली, जाडी जुळली आणि टोकाच्या खाचा मोजल्या तर दहा. माझ्या डिफरेन्शियलमधल्या (दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या डब्यातल्या) साइड गिअरला एकोणीस हव्या होत्या. दुकानदाराचं फारसं चुकलं नव्हतं. आरसीवरचं साल नोंदणीचं असतं, लोखंडाचं नव्हे. लिलावात निघालेली सरकारी गाडी, दोन गाड्यांतून जमवलेली तिसरी, अपघातानंतर दुसरंच हाउसिंग (ॲक्सलचं बाहेरचं कवच) बसवलेली, सगळ्यांना आरसी सारखीच दिसते.

महिंद्राची ही पिकअप जीपवरून निघाली, म्हणून तिचं कूळ सुरू होतं अमेरिकेतल्या टोलेडो शहरात. विलिज-ओव्हरलँड कंपनीने १९४१ पासून लष्करासाठी जीप बनवली, पण तिच्यात विलिजचं स्वतःचं काय, तर मुख्यतः इंजिन. गिअरबॉक्स वॉर्नर गिअरचा. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी पेटी), दोन्ही ॲक्सल आणि प्रोपेलर शाफ्ट (तो जोर ॲक्सलपर्यंत नेणारा दांडा) स्पायसरचे. क्लॅरेन्स स्पायसर या माणसाने १९०३ मध्ये युनिव्हर्सल जॉइंटचं, म्हणजे कोनातही फिरणाऱ्या सांध्याचं, पेटंट मिळवलं. त्याने काढलेल्या कंपनीचं नाव १९४६ मध्ये डाना झालं. म्हणून एकाच ॲक्सलला कुणी ‘स्पायसर ४४’ म्हणतं, कुणी ‘डाना ४४’. पार्टचे नंबर तर विचारूच नका. युद्धात फोर्डनेही तीच जीप बनवली, त्यामुळे एकाच वस्तूला विलिजचा एक नंबर, फोर्डचा दुसरा, स्पायसरचा तिसरा. १९५३ मध्ये विलिज कैसरच्या ताब्यात गेली, १९७० मध्ये जीपचा धंदा अमेरिकन मोटर्सकडे गेला, आणि इकडे महिंद्राने आपले नंबर दिले.

बाहेरून न दिसणारे बदलही याच काळातले. ‘स्पायसर १८’ ट्रान्सफर केसमधला इंटरमीडिएट शाफ्ट घ्या. युद्धातल्या जीपमध्ये तो पाऊण इंची होता, पुढे सव्वा इंचाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी, आणि १९५०च्या दशकात सव्वा इंची झाला. आपल्या लेथवाल्यांच्या भाषेत सहा सुती, नऊ सुती, दहा सुती. केस बाहेरून सारखीच. आतले गिअर, बेअरिंगच्या सुया, वॉशर मात्र एकमेकांत जात नाहीत. मागच्या ॲक्सलचंही तेच: ‘डाना ४४’ला आधी १० खाचा, मग १९, आणि १९७०च्या दशकात ३०. माझा शाफ्ट कुठे चुकला ते इथे कळलं. मला दिला होता तो आधीच्या पिढीतल्या जीपचा.

मुंबईत १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ कंपनी निघाली. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावात दोन्हीकडे महिंद्रा आलं. विलिजच्या जीपचे सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि माझगावात जोडले जायचे. तोवर भाग जुळायचा प्रश्नच नव्हता. पेटी टोलेडोची, गाडीही टोलेडोची. प्रश्न सुरू झाला १९५३ नंतर. टॅरिफ कमिशनच्या अहवालावरून सरकारने ठरवलं, की ज्यांना टप्प्याटप्प्याने इथेच भाग बनवायचे आहेत त्यांनीच गाड्या जोडाव्यात. शिवडीत १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स निघून गेली. महिंद्रा राहिली आणि एकेक भाग इथे ओतला, कातला जाऊ लागला. नकाशे विलिजचे, पोलाद आणि हात इथले. आयातीवर निर्बंध असल्याने बाहेरचा सुटा भाग मिळणं मुश्किल. मग जे मिळत नव्हतं ते लेथवर उतरवलं गेलं. ओळखीचे एक टर्नर आहेत, त्यांच्या वडिलांनी टी-९० गिअरबॉक्सचे शाफ्ट नमुन्यावरून इतके केले की नकाशा त्यांना कधी लागलाच नाही. असे शाफ्ट आजही गाड्यांत फिरताहेत, आणि ते कुठल्याच कॅटलॉगात नाहीत.

ज्या पिकअपबद्दल मी लिहितोय ती एफसी. ‘फॉरवर्ड कंट्रोल’ म्हणजे ड्रायव्हर जवळजवळ इंजिनावर, पुढे बॉनेट नाही, मागे हौदा. अमेरिकेत एफसी-१५० आली १९५७च्या मॉडेलसाठी, ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझायनरच्या हातची. चाकांतलं पुढचं-मागचं अंतर ८१ इंच, म्हणजे जीपवरच उभी केलेली गाडी. ती इतकी उंच आणि अरुंद होती की सुरुवातीचं ४८ इंची ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर) थोड्याच काळात ५७ इंची करावं लागलं. एकाच नावाच्या गाडीचे ॲक्सल दोन रुंदीचे झाले ते इथे. महिंद्राने एफसी-१५० १९६५ मध्ये आणली आणि पुढे ९३ इंची एफसी-१६० काढली. बारा इंच वाढले, म्हणजे प्रोपेलर शाफ्टही वाढला. एफसी-१५०चा शाफ्ट कापून मधे पाइप जोडलेले नमुने मी दोन पाहिलेत. एकाचा वेल्ड सरळ होता. दुसरी गाडी चाळीसच्या वर गेली की सीट थरथरायची. मालक सांगायचा, चाकांचं बॅलन्सिंग बाकी आहे.

खरी गुंतागुंत डिझेलने केली. मूळ ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन २.२ लिटरचं, जोर ४००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ४००० फेऱ्यांना. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं आणि महिंद्राने हाताशी होतं ते इंजिन जीपमध्ये घातलं: कांदिवलीत बनणाऱ्या इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या कुळातलं डिझेल, एमडी २३५०. त्याआधी आणि नंतर कितीतरी मालकांनी पेट्रोल पिकअपमध्ये डिझेल इंजिनं गावच्या गॅरेजमध्ये स्वतःच बसवली. ट्रॅक्टरचं इंजिन साधारण दोन हजार फेऱ्यांवर दमतं. जुन्या जीपच्या डिफरेन्शियलमधल्या मोठ्या गिअरला, म्हणजे क्राऊनला, ४३ दात आणि त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनला ८. भागाकार करा, ५.३८. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला तर दोन हजार फेऱ्यांना टॉप गिअरमध्ये गाडी ताशी पन्नासला पोचते आणि तिथेच कण्हत राहते. ४७ आणि ११ दातांची जोडी घातली की गुणोत्तर ४.२७, वेग तेवढ्याच फेऱ्यांत त्रेसष्टच्या आसपास. कुणी बदललं, कुणी नाही, आणि कुणी फक्त मागचंच बदललं. हा तिसरा प्रकार भयंकर. पुढचं ५.३८, मागचं ४.२७, आणि मालक म्हणतो, ‘फोर-बाय-फोर टाकली की गाडी अडकते.’ अडकणारच, पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या चालीने ओढली जातात आणि मधला ट्रान्सफर केस पिळला जातो.

म्हणून क्राऊन-पिनियन घेण्याआधी आपल्या गाडीचे दात स्वतः मोजावेत. डिफरेन्शियलचं झाकण काढायचं, तेल डब्यात घ्यायचं, क्राऊनच्या एका दाताला खडूची खूण करायची आणि चाक हाताने फिरवत मोजायचं. तळहात काळे होतात, मधेच कुणीतरी हाक मारतं आणि पुन्हा पहिल्यापासून. ४३ आणि ८ या दोन्हींना भाग जाईल असा एक सोडून दुसरा आकडाच नाही, म्हणून पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला पाळीपाळीने भेटतो आणि दोन्ही सारखे घासतात. कारखान्यात ही जोडी एकमेकांवर घासूनच बनवतात आणि दोन्हींवर एकच नंबर कोरतात. जुन्या बाजारात क्राऊन एकीकडे आणि पिनियन दुसरीकडे मिळालं तर स्वस्त म्हणून घेऊ नका. घरघर येते आणि महिन्याभरात दात जातात.

१९७९ मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोशी एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिनाचा करार केला. पुढे ते इगतपुरीला बनू लागलं. नावातच माप आहे, चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. मग कोरियाच्या किआकडून चार गिअरचा केएमटी-९० गिअरबॉक्स आला. इथे एक सापळा आहे. टी-९० आणि केएमटी-९०, दोन्हींत नव्वद, म्हणून ते भाऊभाऊ वाटतात. नाहीत. पहिला तीन गिअरचा, अमेरिकन, इंची. दुसऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. ‘नव्वदचा सिंक्रो द्या’ म्हणून ही गिअर जुळवणारी कडी मागणारा हमखास दुसराच घेऊन येतो.

या सगळ्या संसाराचा पुरावा हवा असेल तर पाने बघा. प्यूजो इंजिनाचे बोल्ट मेट्रिक, ॲक्सलचे इंची. भारताने मेट्रिक मापं १९५६च्या कायद्याने स्वीकारली, पण विलिजचा नकाशा इंचातच राहिला. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची डोक्याच्या बोल्टला १३चा पाना बसल्यासारखा वाटतो. जोर लावला की कोपरे खातो. साडेचार सुतीला १४चा जातच नाही आणि १५चा गरगरतो. आमच्या गॅरेजात दोन वेगळ्या पेट्या आहेत आणि तरी पाना नेहमी दुसऱ्या पेटीत असतो.

टोलेडोने सीजे-३बी जीप १९६८ मध्ये बंद केली, मुंबईत मात्र तिचं पिल्लू पुढची कित्येक वर्षं निघत राहिलं. त्यामुळे उलटी गंगा वाहू लागली. अमेरिकेतले जुन्या विलिजचे मालक आज इथे बनलेले गिअर, शाफ्ट, सीलचे किट मागवतात. त्यांची एक तक्रार मलाही पटते: माप बरोबर असतं, पण कडकपणाचा भरवसा नसतो. वरचा थर नीट कडक केलेला नसेल तर नवा गिअर पावसाळाभरही टिकत नाही. मिस्त्री लोक यासाठी कानस वापरतात. दाताच्या कडेवर हलकेच फिरवायची. घसरली तर ठीक, खाल्लं तर वस्तू काउंटरवर परत. काही दुकानदार याला रागावतात. मी त्या दुकानातून घेत नाही.

माल मिळतो तो अजून ठरावीक गल्ल्यांतच. पुण्यात नाना पेठ आणि दर बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत ऑपेरा हाउसकडची दुकानं आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचं भंगार, दिल्लीत काश्मिरी गेट आणि मायापुरी. सगळीकडे आता मी जुना भागच पिशवीत घालून नेतो, सोबत मोजायला व्हर्निअर. तेवढा एक क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंटचा मधला तुकडा) सोडून. विलिजच्या कुळातल्या प्रोपेलर शाफ्टला बहुतेक ठिकाणी स्पायसरचा १३१० मालिकेचा क्रॉस लागतो: कप २७ मिलिमीटर, लांबी ८१.७५. आकडा सांगितला की दुकानदार मान वर न करता डबी पुढे सरकवतो.