टेकडीवरचा वणवा आणि बेवारस गवत

फेब्रुवारी संपत आला की पुण्यात आमच्या बावधनच्या बाजूला गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर काळ्या काड्या येऊन पडायला लागतात. केसासारख्या बारीक, हात लावला की पूड, आणि पांढऱ्या शर्टावर डाग पडला की गेला शर्ट. मग समजायचं, मागच्या टेकडीला वणवा लागलाय. रात्री उतारावर केशरी रेघ वर सरकताना दिसते, सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ येतात, 101 ला कोणी फोन केला का म्हणून विचारणा होते आणि दरवर्षी एक तरी जण म्हणतोच की पूर्वी असं नव्हतं.

पूर्वीही आगी लागायच्याच, पण तेव्हा नि आता काय फरक पडला ते कळायला आगीपेक्षा गवताकडे बघावं लागतं.

पुण्याच्या टेकड्या म्हणजे काही दाट जंगल नव्हे. पाऊस साधारण 700 मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, बाकी सगळं कोरडं, खाली काळा कातळ आणि वर वीतभर माती. अशा जागी गवत आणि मधेमधे बोरी-बाभळी, हिवर, पळस एवढंच टिकतं. मध्यंतरी अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातले झाडाझुडपांचे उल्लेख काढून हेच दाखवलं, की पश्चिम महाराष्ट्रातले हे गवताळ माळ इंग्रजांच्या जंगलतोडीने झालेले नाहीत, शेकडो वर्षं जुने आहेत.

पण त्या गवताला धनी होता. मराठेशाहीत घोड्यांच्या चाऱ्यासाठी कुरणं राखलेली असायची, गावाचं गायरान वेगळं. पावसाळा सरला की गवत कापून गंज्या रचायच्या, उरलेलं गुरं फस्त करायची, त्यामुळे शिमग्यापर्यंत डोंगरावर पेटायला फारसं काही राहायचंच नाही. तिकडे मावळ-मुळशीत भाताच्या दाढीसाठी, म्हणजे रोपं तयार करायच्या वाफ्यासाठी, राब भाजायचे, अजूनही भाजतात, म्हणजे पालापाचोळा, डहाळ्या, शेण पसरून उन्हाळ्यात पेटवून द्यायचं, तण मरतं आणि रोप जोमदार येतं. म्हणजे आगही लोकांच्या कामाचीच होती. (सगळे फार शहाणे होते असं काही नाही, राबाची आग डोंगरावर जायचीच कधीतरी.)

मग 1864 ला इंग्रजांनी वनखातं काढलं, 1878 ला फॉरेस्ट ॲक्ट आला आणि कालपर्यंतचा गावचा डोंगर एकदम राखीव जंगल झाला. चराईवर बंधनं, आग लावणं गुन्हा. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये 1883 ला महात्मा फुल्यांनी या गायरानं गिळण्यावरून फॉरेस्टखात्याला चांगलं झोडपलंय. 1930 च्या कायदेभंगात विदर्भातल्या पुसदला स्वातंत्र्य चळवळीतले पुढारी बापूजी अण्यांनी कायदा मोडला तो मीठ उचलून नाही, राखीव जंगलातलं गवत कापून. इतका जीव होता गवतात. 1927 चा वन कायदा तर अजून चालू आहे आणि त्यात जंगलात हक्क असलेल्यांनी आग विझवायला मदत केलीच पाहिजे असंही कलम आहे, म्हणजे गवत कापायला परवानगी हवी पण पेटलं की या धावत!

त्यात शहर वाढलं. 1997 ला आजूबाजूची गावं महापालिकेत आली, 2021 ला आणखी 23, आमचं बावधन बुद्रुक आणि सूस त्यातलेच. गोठे गेले, पार्किंग आलं, दूध पिशवीतून यायला लागलं. गवत मात्र दर पावसाळ्यात तेवढंच वाढतं, छातीपर्यंत, आणि ऑक्टोबरनंतर वाळून उभंच राहतं. शिवाय टेकड्या हिरव्या करायच्या म्हणून लावलेली ग्लिरिसिडिया उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकते, तो पाचोळा वेगळा.

आता याला ठिणगी कुठून मिळते? वीज पडून नाही, कारण मार्चमध्ये इथे विजा क्वचितच. कोणाची तरी सिगारेट, पार्टीवाल्यांची शेकोटी, पेटवलेला कचरा, नाहीतर 'जाळलं की गवत चांगलं फुटतं' हा जुना समज. तो अगदीच खोटाही नाही, वणवा वरवर जळत जातो आणि कुसळी गवताचं मूळ खाली शाबूत राहतं, तिचं बी तर पीळ सोडत स्वतःच मातीत घुसतं (टेकडीवर फिरणाऱ्यांच्या मोज्यांना विचारा). पण नुकती लावलेली रोपं, जमिनीवरची घरटी जातात आणि पहिल्या वळवात उघडी माती वाहून जाते ती जातेच.

उपाय म्हणून जाळरेषा काढतात, म्हणजे उन्हाळ्याआधी गवताचा पट्टा कापून, जाळून मोकळा ठेवायचा. पण ते दरवर्षी नव्याने करावं लागतं आणि एकाच टेकडीवर वनखातं, महापालिका, खासगी सातबारे सगळेच असतात, मग पट्टा मधेच तुटतो. संध्याकाळचा पश्चिमेचा वारा आला की जळती काडी तो सहज ओलांडते, आणि चढावर ज्वाळा वरचं गवत आधीच भाजून ठेवते म्हणून आग माणसापेक्षा जोरात पळते. बंब वर चढत नाही. उपग्रहावरून वनखात्याला अलर्ट येतात, पण उपग्रह दिवसातून मोजक्या वेळा जातो, तोवर आमच्या टेकडीचा कारभार आटोपलेला असतो. 1926 ही वनखात्याची हेल्पलाइन आहे, तेवढा नंबर सेव्ह करून ठेवा.

जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसला हजारो घरं जळाली ते सगळ्यांनी रीलवर बघितलं. आपल्याकडे घरं सिमेंटची, आग जमिनीलगतची, कंपाउंडपाशी येऊन विझते, म्हणून सकाळी कोणाला काही वाटत नाही.

गेल्या मार्चमध्ये मीही वर गेलो होतो, करंजाची फांदी तोडून दणादण झोडपत होतो आणि ठिणग्या उडून मागचं गवत पेटत होतं. शेजारी गावठाणातले एक म्हातारे मामा होते, ते म्हणाले, "अहो साहेब, हाणू नका, दाबा. दाबून ओढा." तसं केलं तर खरंच विझायला लागलं. नंतर पाणी पिताना सांगत होते, त्यांचे वडील हाच उतार लिलावात घ्यायचे, गवत कापून बैलगाडीने पेठेत नेऊन विकायचे. म्हटलं, आता का नाही कोणी नेत? म्हणाले, "फुकट दिलं तरी कोण नेणार, गुरं कुठायत?"